शेड जुळेपर्यंत

वाटूर फाट्याच्या जरा अलीकडे गाडीखालून खर्र-खर्र आवाज यायला लागला, तेव्हा शरयूला नवल वाटलं नाही. फक्त थकवा आला. तिनं गाडी कडेला घेतली आणि उतरून पाहिलं. नवा बंपर एका बाजूनं सुटून रस्त्याला घासत होता आणि राखाडी रंगाचे पोपडे मागे डांबरावर सांडत आले होते.

कापसानं भरलेला एक ट्रक शेजारून गेला. त्याच्या धुळीत ती तशीच उभी राहिली.

"हात लावू का?"

समोरच्या हॉटेलातून चहाचा कप घेऊन एक जण आला होता. उंच, सडपातळ, बोटांवर पांढऱ्या प्रायमरचे डाग.

"नको," ती म्हणाली. "आजवर ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांनी वाटच लावलीय."

तो हसला नाही. हातातला कप त्यानं बोनेटवर न ठेवता खाली वाकून दगडावर ठेवला. शरयूनं ते पाहिलं.

"मंग न्हाई लावत. तार देतो, तुम्हीच बांधा."

तो खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. ती उकिडवी बसून तार पिळायला लागली.

"आवळा अजून... अजून. हां, आता बराबर."

ती उठली. हात काळे, कपाळावर धूळ.

"कोणी बसवलं विचारणार असाल, तर नाव सांगून काही उपयोग नाही."

"न्हाई विचारत. नाव घेऊन बंपर बसत न्हाई."

कित्येक दिवसांनी शरयूला हसू आलं.

शरयू जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघायची आणि कामासाठी अधूनमधून परतूरला जायची. पुण्यातलं लग्न मोडून ती जालन्यातच, मस्तगड भागात, आई-वडिलांकडे परत आली होती. त्यानंतर स्वतःची म्हणून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही जुनी राखाडी गाडी. नटलेल्या गाड्या तिला लहानपणापासून आवडायच्या. म्हणून तिनं हौसेनं बॉडी किट मागवलं... पुढचा बंपर, बाजूच्या पट्ट्या, मागचा स्पॉयलर. खोकं घरी आलं आणि ते नीट बसवून रंगवणारा माणूस शोधणं सुरू झालं. पहिल्या गॅरेजवाल्यानं, "साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो," म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यानं चांगल्या पत्र्याला नको तिथं भोकं पाडली. तिसऱ्यानं भलताच राखाडी मारला आणि वर सांगितलं, "उन्हात तसंच दिसतं, मॅडम." वडील, श्रीपतराव, जेवताना एवढंच म्हणाले, "काढून टाक ते सगळं, अन् गाडीही विक." ते रागावून म्हणाले असते, तर तिला भांडता तरी आलं असतं.

"तुमचं गॅरेज आहे?" तिनं विचारलं.

"होतं म्हणा. ते काय, लिंबाखाली. बंद करून चाकणला चाललो. कंपनीत पेंटिंगला."

"वा. म्हणजे चांगला माणूस सापडला, की तो चाकणला निघालेला असतो."

"चांगला हाये, कशावरून?"

"हात लावला नाहीत."

आता मात्र तो हसला. त्याचं नाव रामेश्वर. जायच्या आधी एवढं एक काम करून देतो म्हणाला. मग गाडीभोवती चक्कर मारून त्यानं विचारलं, "तुम्हाला कशी पाह्यजे?"

शरयू बोलत सुटली. बंपर खाली हवा, पण गतिरोधकाला घासायला नको... स्पॉयलर छोटा, मिरवणारा नको... तो ऐकत राहिला. त्याचा चहा दगडावर गार झाला.

गाडी त्याच्याकडेच ठेवून ती एसटीनं घरी गेली. पुढच्या आठवड्यात ऑफिसात त्याचा फोन आला.

"मॅडम, गाडी झाली न्हाई. माझ्याकडून रंगाची शेड चुकली. सावलीत जुळून राह्यली, उन्हात न्हाई. घासून परत मारावी लागंल."

शरयूनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"रागावल्या का?"

"नाही," ती म्हणाली. "चुकलं असं कुणी म्हणालं, की काय बोलायचं असतं ते... सवय नाही मला."

त्या रविवारी ती एसटीनं वाटूरला गेली. कंपनीचा मूळ रंग कामाचा नव्हता, कारण गाडी उन्हानं विटली होती. रामेश्वरनं पत्र्याच्या तुकड्यांवर वेगवेगळे राखाडी मारून ठेवले होते. तो एकेक तुकडा दाराला लावून धरायचा आणि ती डोळे बारीक करून बघायची.

"हा जरा निळसर आहे."

"आणि हा?"

"हा... थांबा. तुम्ही इकडं काय बघताय? शेड तिकडं आहे."

"तिकडं तुम्ही बघून राह्यल्या ना. दोघांनी कशाला बघायचं?"

शरयूनं तुकडा हिसकावून घेतला आणि गरज नसताना बराच वेळ उन्हात धरला.

रंग ठरला, तर आभाळ आलं. ओल्या हवेत फवारा मारला तर रंग पांढुरका पडतो, म्हणून काम थांबलं. तरी पुढच्या रविवारी ती आलीच. पत्र्याच्या छपरावर बारीक पाऊस वाजत होता. गॅरेजमागच्या घरातून रामेश्वरची आई, बायनाबाई, तिच्यासाठी चहा घेऊन आली. मेंढरांमागं आयुष्यभर चाललेली बाई. आता दारात दोन शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

"ह्याला सांग माय, जाऊ नको म्हणावं. माझं ऐकत न्हाई."

"मी कोण सांगणार, मावशी?"

बायनाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि ती आत गेली.

"का जाताय पण?" शरयूनं हळूच विचारलं.

"दमलो. लोकाला जल्दी पाह्यजे, स्वस्तात पाह्यजे. बराबर कोणाला नको." मग त्यानं विचारलं, "तुम्ही कशानं दमल्या?"

"इतकं दिसतं?"

"दिसतं."

ती पावसाकडं बघत राहिली. "दोन वर्षं संसार केला. भांडण नाही, मारहाण नाही. तुला काय आवडतं, एवढं कुणी विचारलं नाही... सांगितलं की लोकांना कारण फार छोटं वाटतं."

"छोटं न्हाई ते," रामेश्वर म्हणाला. "बिलकुल न्हाई."

त्या दिवशी शरयूची एक एसटी चुकली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

ऊन पडलं आणि गाडी झाली. शरयूनं बंपरवरून तळवा फिरवला. जुना रंग कुठं संपतो, नवा कुठं सुरू होतो, ते बोटांनाही कळेना, डोळ्यांनाही. रामेश्वर शेजारच्या सीटवर पाय दुमडून अवघडून बसला आणि तिनं गाडी मंठ्याच्या रस्त्याला घेतली. पहिला गतिरोधक आला. दोघांनीही श्वास रोखला. गाडी अलगद उतरली, काही घासलं नाही.

थोडं पुढं जाऊन तिनं गाडी थांबवली.

"चाकणला कधी?"

"न्हाई चाललो. काल कळवलं त्यायला."

"मावशींसाठी?"

"आईसाठी म्हणलो असतो... पण खोटं व्हईल." तो समोरच्या काचेकडं बघत होता. "दर रविवारी एसटी आली, की मी हातातलं काम सोडून बाहेर येऊन राह्यलो. मंग चाकणला जाऊन कोणती एसटी बघू?"

शरयूचे हात स्टेअरिंगवरच होते. तिला ते आवडलं... आणि त्याचबरोबर जुना शिणवटाही वर आला.

"मी खूप दमलेय, रामेश्वर. माझ्याकडून लगेच काही व्हायचं नाही."

"घाई कोणाला हाये?"

"घरचे बोलतील. तुमचेही, माझेही."

"बोलतील की."

एवढंच. त्यानं समजूत घातली नाही, वचन दिलं नाही. तिनं गाडी वळवली. लिंबाखाली तो उतरला, दार हलक्या हातानं लावलं आणि खिडकीशी वाकला.

"येत्या रविवारी येते," ती म्हणाली.

"का? गाडीचं काही राह्यलं का?"

"नाही. गाडीचं काही राहिलं नाही."

रामेश्वर तसाच वाकलेला राहिला. कळायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि शरयूनं, हसू दाबत, गाडी जालन्याच्या रस्त्याला लावली.