बूड फोडलेले कप

कौंटीने छापलेल्या जाडजूड इतिहासात एका जमीनदाराच्या घोडीचंही नाव आहे. स्वीटगमचं नाही. गुलामीतून सुटलेल्या एकोणीस घरांनी जॉर्जियाच्या लाल मातीत ही वस्ती उभी केली, कापूस काढला, भुईमूग काढला, आपली माणसं पुरली. पुस्तक म्हणतं, इथे नुसतं जंगल होतं.

आता लाकूड कंपनीला तेच जंगल हवं होतं. चर्चमागच्या पाइनच्या झाडीत तुमच्या कबरी असतील तर शनिवारपर्यंत दाखवा, नाहीतर बुलडोझर. लुरीन मॅकलिनने आठवून आठवून चाळीस नावं लिहून दिली. नावं नकोत, म्हणाले; जागा दाखवा.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या लुरीनला जागाच दाखवता येईना, आणि याला कारण तीच. स्वीटगममध्ये माणूस गेलं की त्याचा रोजचा कप बूड फोडून कबरीवर ठेवायचे. बूड शाबूत राहिलं तर घरातलं पुढचं माणूसही ओढलं जातं म्हणत. दगडाची कबर कुणाच्याच ऐपतीत नव्हती. कप हीच खूण. सतराव्या वर्षी, शहरात शिकून आलेल्या लुरीनला त्या फुटक्या भांड्यांची लाज वाटली. पोरी जमवून तिने सगळे कप उचलले आणि ओघळीत फेकले. त्याला तिने स्वच्छता म्हटलं होतं.

सोमवारी ती काटक्यांचा झाडू घेऊन झाडीत शिरली.

"लुरी, आता जंगल झाडणार?" तिचा भाऊ होजिया कुंपणावरून ओरडला. "गुडघे बघ जरा."

"गुडघे माझे आहेत. तू तुझी जीभ सांभाळ."

दिवसभरात खाटेएवढी जागा झाडून झाली. खाली काहीच सापडलं नाही.

मंगळवारी सकाळी, तिने हातही न लावलेल्या ठिकाणी, पाइनच्या सुया बाजूला सारून माणसाच्या लांबीचे चार पट्टे झाडलेले होते. पूर्व-पश्चिम. ओल्या मातीवर झाडूचे फराटे होते. पाऊल एकही नव्हतं.

"तू केलंस?"

होजियाने नकारार्थी मान हलवली. टोपी त्याने आधीच काढली होती.

बुधवारी अकरा. गुरुवारी सत्तावीस, आणि प्रत्येकावर एक कप. त्यांना ओघळीतल्या चिखलाचा वास येत होता. आईचा निळ्या काठाचा कप लुरीनने लांबूनच ओळखला.

"हात लावू नकोस," होजिया म्हणाला.

"एकदा लावला होता. तेवढं पुरे झालं."

शुक्रवारी चाळीस भरले.

शनिवारी सकाळी कंपनीचा मोजणीदार ब्रँटली आला.

"मिस लुरीन, राग मानू नका, पण हे तुम्ही रातोरात मांडलं नाही कशावरून?"

"मग उकर की, पोरा. तुझ्या हाताने उकर. मी इथे उभी आहे."

तो दोन पावलं पुढे गेला, काहीतरी जाणवल्यासारखं मागे वळला. त्याच्या बुटांचे ठसे उमटले होते तिथे आता झाडूचे फराटे होते.

त्याने उकरलं नाही. मोजायला लागला.

"एक्केचाळीस."

"चाळीस," लुरीन म्हणाली.

त्याने बोट दाखवलं. कडेला, आईच्या शेजारी, ताजा पट्टा. त्यावर कान तुटलेला पिवळा कप.

हा कप ती तासाभरापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून आली होती. कॉफी अर्धीच प्यायली होती.

होजियाने तिचं मनगट धरलं. "लुरी, घरी चल."

"सोड." तिने हात झटकला. "ए पोरा, लिही. एक्केचाळीस. शेवटचं नाव लुरीन मॅकलिन. आता आण म्हणावं बुलडोझर."

"पण तुम्ही तर..."

"लिही!"

त्याने लिहिलं.

लुरीन वाकली. कप उचलला. खालून बोटं घातली. बूड नव्हतं.

बोटांना गरम कॉफी लागली. एक थेंबही गळला नाही.

तिने ती उभ्याउभ्या संपवली आणि कप जागेवर ठेवला.