पुसलेला सॅक्सोफोन

"ताई, सॅक्सोफोन गायब झालाय!"

गायिका राजकन्या ओरडली तेव्हा जगदेवी स्टुडिओबाहेर चहाचे कप विसळत होती. ती तशीच ओल्या हातांनी आत धावली. वाद्य तर कोपऱ्यात जागच्या जागी होतं. गायब झाला होता तो कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेला. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात राजकन्येचा आवाज होता, ड्रम होते, पण सॅक्सोफोनचा मागमूस नव्हता.

नांदेडात सोल आणि जॅझसारख्या पाश्चात्य संगीताचा अल्बम म्हटल्यावर लोक हसले होते. पण भोकरची राजकन्या गायला लागली आणि शिवप्रसादने सॅक्सोफोन फुंकला की हसणाऱ्यांची बोलती बंद व्हायची. शिवप्रसाद लातूरकडचा. वडिलांचं उदगीरला कापडाचं दुकान, असं तो सांगायचा. दोघांनी नोकऱ्या सांभाळून जगदेवीच्या स्टुडिओत एकेक गाणं उभं केलं. उद्या मुंबईच्या कंपनीची माणसं येणार होती. शेवटचं गाणं त्यांना ऐकायचं होतं, शिवाय समोर वाजवूनही हवं होतं. ते पसंत पडलं तरच अल्बम निघणार होता.

जगदेवी शिवप्रसादकडे वळली. अल्बम बुडला तर स्टुडिओचं नावही बद्दू होणार.

"हे वाजवलं तेव्हा मी हिमायतनगरला लग्नात होते. कालही बाहेर होते. दोन्ही वेळा इथं कोण होतं?"

"मी एकटाच," शिवप्रसाद म्हणाला. "किल्ली तुम्हीच दिली होती."

"दुसरं कुणीच नाही?"

"नाही."

समोरच्या चहावाल्या केवळाबाईने मात्र वेगळंच सांगितलं. "तुमी लग्नाला गेलतात ना, तवा एक म्हातारा आत गेलता. लाल कोट, पाठीवर रेणापूरच्या बँडचं नाव. हात रिकामे. काल बी आलता. जाताना डोळे पुसून राहिला होता."

"लग्नातला बँडवाला?" राजकन्या उसळली. "त्याचं इथं काय काम? त्यानंच पुसलं!"

"जाऊ द्या ना," शिवप्रसाद पुटपुटला. "मी परत वाजवतो."

"मग वाजव की आत्ता."

"आज ओठ सुजलेत."

जगदेवीने रेणापूरच्या त्या बँडला फोन लावला. दुपारच्या एस.टी.ने म्हातारा हजर झाला आणि चपला बाहेर काढून दाराशीच उभा राहिला. त्याला बस म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"नाव?"

"चन्नबसप्पा, मॅडम."

"काल इथं आला होता?"

"हाव."

"गाणं कुणी पुसलं?"

म्हाताऱ्याने शिवप्रसादकडे एकवार पाहिलं. "मीच. चुकी झाली."

"कसं पुसलं?"

"कळ दाबली न् फीत उलटी फिरवली. या साहेबांचा काई दोष न्हाई."

"ऐकलंत?" राजकन्या म्हणाली. "याला पोलिसात द्या!"

राजकन्येच्या फोनवर गाण्याची कच्ची प्रत होती. ती जगदेवीने सगळ्यांसमोर लावली. सॅक्सोफोन जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा.

"माइक खराब होता," शिवप्रसाद घाईघाईने म्हणाला.

"माइक चांगला आहे." जगदेवीने फोन खाली ठेवला. "आणि माझ्याकडे फीत नाहीच, सगळं कॉम्प्युटरवर आहे. या बाबांना पुसायचं कसं तेच ठाऊक नाही. ते दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेताहेत."

"दुसऱ्याचा म्हणजे?"

"शिवप्रसाद खुर्चीत बसून वाजवतो. इथं वाजवणारा चालतोय. जन्मभर वरातीपुढं चालत वाजवलेल्या माणसाचे पाय बंद खोलीतही थांबत नाहीत. हा सॅक्सोफोन यांनी वाजवलाय, राजकन्या. तुझ्या जोडीदाराने नाही."

राजकन्या शिवप्रसादकडे बघतच राहिली.

जगदेवी पुढे म्हणाली, "उद्या कंपनीसमोर याला हेच वाजवायचं होतं. म्हणून काल याने बाबांना शिकवायला बोलावलं. ओठ सुजेपर्यंत फुंकलं, पण जमलं नाही. मग बिंग फुटू नये म्हणून यानेच पुसून टाकलं; त्या जागी स्वतःला जमेल तसं वाजवणार होता."

"पण याने बँडवाल्याला कशाला बोलवावं?"

"बाबा रिकाम्या हाताने आले होते. म्हणजे वाद्य याचंच. जे हा तोंडात धरतो, तेच त्यांनी धरलं. आपण परक्याचं उष्टं पाण्याच्या तांब्यालाही लागू देत नाही. घरच्याचं उष्टं मात्र चालतं."

जगदेवीला स्वतःचीच शरम वाटली. एवढा वेळ या माणसाला तिने चोरासारखं दारात उभं केलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली, पण म्हातारा बसेना.

"शिवा," राजकन्या हळूच म्हणाली, "आणि ते कापडाचं दुकान?"

शिवप्रसादची मान खालीच होती. "दुकान नाही. हे माझे अप्पा. वरातीत नाचणाऱ्यांपुढं वाजवतात, त्याची मला लाज वाटायची. तुझ्या नावाशेजारी त्यांचं नाव द्यायला जीभ रेटली नाही."

चन्नबसप्पा गडबडला. त्याने आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग हात जोडले.

"असं बोलू नका, मालक. कुणी ऐकलं तर तुमचं नाव जाईल."

बाप पोटच्या पोराला मालक म्हणत होता. शिवप्रसादने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.