टाचणी लावलेलं पान

"पळपुटे, पाणी आण गं..." बाबांनी हाक मारली. समोर धाकटी सामान उपसत बसली होती, तिच्या देखत आपल्याला या नावाने हाक मारली गेली, याचंही थोरलीला आता काही वाटेनासं झालं होतं. तेरा वर्षं... एवढ्या काळात कसलीही सवय होते! तिने पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला. इस्पितळाच्या धुलाईघरात आठ तास चादरींना इस्त्री करून पाय असे भरून आले होते, की हेच पाय कधीकाळी अडथळ्यांवरून उडत असत, असं कुणी म्हटलं असतं तर तिलाच हसू आलं असतं.

धाकटी कायमची परत आली होती. तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत, पस्तीस उड्या, त्यांतल्या सात पाण्यावरच्या! या शर्यतीने तिला देशोदेशी नेलं, पदकं दिली आणि शेवटी निकामी गुडघा हाती देऊन घरी पाठवलं. मुलाखत कुठलीही असो, ती एक गोष्ट हमखास सांगायची, "निवडीच्या शर्यतीत माझी बहीण मध्येच सोडून गेली. तेव्हाच ठरवलं, आपण कधी सोडायचं नाही." थोरलीने तशा एका मुलाखतीचं कात्रणसुद्धा जपून ठेवलं होतं. धाकटीचा फोटो त्यात छान आला होता.

बाबा दोघींचेही प्रशिक्षक. गळ्यात दोन घड्याळं, हातात वही, प्रत्येक फेरीला दोघींचे सेकंद टिपायचे. त्यांची शिस्त मोठी कडक. शर्यत अर्धवट सोडली, की ते पान तिथल्या तिथे टाचणी लावून बंद! पुन्हा म्हणून उघडायचं नाही. वहीतली इतर टाचण्या लागलेली पानं परक्यांची होती, थोरलीचं एकच.

धाकटी आता मुलींना शिकवणार होती, म्हणून जुन्या वह्या चाळत होती. तिची स्वतःची पात्रतेची शर्यतही त्याच बंद पानावर होती. तिने गंजलेली टाचणी नखाने उपसली.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. डोळे अधू झाले तरी कुठलं पान आहे ते त्यांना टाचणीच्या आवाजावरून कळलं. "त्यात बघण्यासारखं काही नाही."

"माझे आकडे हवेत, बाबा." ती वाचू लागली. "ताईची सुरुवातीची अर्धी फेरी त्रेचाळीस. मग पहिली पूर्ण फेरी शहात्तर. दुसरी शहात्तर... तिसरी, चौथी, शहात्तरच. पाचवी पंच्याहत्तर. सहावी..." ती अडखळली. "सहावी चौऱ्याहत्तर. आणि सातवी, शेवटचीच, सोडली?"

बाबांच्या कपाळावर आठी चढली. "परत वाच."

तिने परत वाचलं. दम संपणार असला की आधी आकडा फुगतो, ऐंशी होतो, पंच्याऐंशी होतो, हे बाबांनी जन्मभर शेकडो मुलांना शिकवलं होतं. आणि स्वतःच्या पोरीचं पान मात्र रागाच्या भरात न वाचताच मिटून टाकलं होतं!

"माझेही आकडे हेच आहेत," धाकटी हळूच म्हणाली. "मी तिच्या पाठीला चिकटून पळत होते ना. शेवटची फेरी तेवढी एकटीची, एक्याऐंशी. पात्र ठरले ती दोन सेकंदांनी... ताई, तू का थांबलीस?"

"दम लागला होता."

"खोटं बोलू नकोस."

थोरली दाराला टेकली. खोटं रेटायचंही आता त्राण उरलं नव्हतं. "आईला पक्षाघाताचा झटका येऊन वीस दिवस झाले होते. परदेशाच्या शिबिरात जागा एकच. मी पहिली आले असते तर मला जावं लागलं असतं, मग आईला कुशीवर कुणी वळवलं असतं? तुला ती उचलत नव्हती, नुसती तिच्या उशाशी रडायचीस."

"सांगायचं तरी होतंस गं!"

"सांगितलं असतं तर तू पळाली नसतीस. आणि बाबांनी मलाच पाठवलं असतं. आता आईही गेली. जाऊ दे, दमलेय मी."

धाकटीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "आणि मी जगभर तुझी बदनामी करत फिरले..."

बाबांनी विचारलं, "पुरी केली असतीस तर किती झाले असते?"

"नऊ मिनिटं तीस," थोरली म्हणाली. क्षणाचाही विचार तिला करावा लागला नाही, आणि त्यातच बाबांना सारं समजलं. एवढी वर्षं ही पोर ती राहिलेली फेरी मनातल्या मनात पळत होती!

त्यांनी पेन मागितलं. धाकटीने बोट धरून रिकामा रकाना दाखवला. त्यांनी त्यात नऊ-तीस लिहिलं, वेडंवाकडं, ओळ सोडून. पेला तसाच भरलेला होता, त्याकडे न बघता ते भिंतीचा आधार घेत उठले.

"बस, बाळ. तुझ्यासाठी पाणी मी आणतो."

थोरली धाकटीशेजारी बसली. आत दुसरा पेला बाबांच्या हातातून निसटून घरंगळल्याचा आवाज आला. थोरली सवयीने उठू लागली. धाकटीने तिचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले, आणि ती उठली नाही.