आईचं एक्केचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या माझ्या थोरल्या नणंद. सूचिंगवन्सं. बाई इतकी रोखठोक, की देवळात नवस बोलतानासुद्धा देवाला मुदत घालून देते.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या वर्षीची सतरा ऑगस्ट. भर दुपार.

ठिकाण, यानकांगची सार्वजनिक लायब्ररी. तैवानच्या पश्चिम किनाऱ्याला, मिठागरांच्या कडेला आमचं गाव. वन्सं तिथे सव्वीस वर्षं नोकरीला.

लायब्ररीच्या तळमजल्यावर मागे एक थंडगार खोली आहे. तिथे सर्व्हर होता. त्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांची तीनशे बारा रेकॉर्डिंग. मीठ कसं काढायचे, लग्नं कशी व्हायची, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं. बोलणारी बहुतेक माणसं आता नाहीत.

त्यांत एक माझ्या सासूबाईंचं. एक्केचाळीस मिनिटांचं. त्याही गेल्या, आणि त्यांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही.

ही रेकॉर्डिंग केली लायब्ररीतल्याच वेंगकाकांनी. स्कूटरवरून दारोदार फिरून, स्वतः प्रश्न विचारून. सर्व्हरही तेच सांभाळायचे. दुपारच्या झोपेलासुद्धा त्याच खोलीत घडीची खाट टाकायचे.

मग नगर कार्यालयानं विचारलं, जुना सर्व्हर मोडीत निघालाय, आता नवा घ्यायचा, की सगळं क्लाउडवर टाकायचं? शिफारस वन्सं लिहिणार होत्या.

तिथून दोघांचं जे वाजलं!

"दुसऱ्याच्या घरात आपली माणसं भाड्यानं ठेवणार तू?" काका म्हणायचे. "उद्या भाडं थकलं की पुसून टाकतील."

"आणि इथे ठेवली तर बुडतील! गेल्या वादळात खोलीत गुडघाभर पाणी होतं, विसरलात?"

"मी होतो ना. मी उचलून वर नेला सर्व्हर."

"तुम्ही काय जन्माला पुरणार आहात?"

"माझ्या जिवात जीव आहे तोवर ही माणसं या खोलीतून हलणार नाहीत. लिहून ठेव."

मार्चमधल्या एका सकाळी, सगळ्यांसमोर, वन्संच्या तोंडून गेलं... "मग मराल तेव्हा तरी खोली रिकामी कराल ना?"



त्याच दुपारी काका त्या खोलीत झोपायला गेले, ते उठलेच नाहीत.

वन्सं मर्तिकाला गेल्या, उदबत्ती लावली आणि दुसऱ्याच दिवशी शिफारस लिहिली. क्लाउड. मला संताप आला. "जरा थांबायचं तरी," मी म्हटलं. "वादळ थांबतं का कुणासाठी?" म्हणाल्या.

ऑगस्टात कॉपी सुरू झाली. बारा दिवसांचं काम.

आता, आमच्याकडे यंत्रांवर नारळाच्या कुरकुऱ्यांची पुडी ठेवतात. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटायच्या आत बदलायची, आणि यंत्र चालू असेतो ती फोडायची नाही. बँकेत, इस्पितळात, सगळीकडे ठेवतात. कुणी हसत नाही. सर्व्हरवरची पुडी काकांनी ठेवलेली होती. शेवटची.

सतरा तारखेला, काम संपायला तीन दिवस असताना, वन्संनी ती उचलली आणि चहाबरोबर फोडली.

"ताई!" समोरच्या टेबलावरची पेइयू किंचाळलीच. "अहो, चालू आहे तो अजून!"

"भंगारातच जायचाय. घे, खा तू पण."

पेइयूनं हात पाठीमागे नेले.

बाराला जेवणं झाली. साडेबाराला दिवे मालवले. इथे सगळ्या कचेऱ्या दुपारी तासभर टेबलावर डोकं टेकून झोपतात. त्या शांततेत मागच्या खोलीतल्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते.

बारा चाळीसला वन्संना जाग आली.

घरघर थांबली होती...

त्या उठल्या. खोलीला कुलूप. किल्ली त्यांच्याच खिशात.

आतून आवाज आला... घडीची खाट करकरते तसा. कुणीतरी कूस बदलली.

काकांची खाट तर मार्चमध्येच त्यांच्या घरी पोचवली होती.

मग... कुर्रम. थोडं थांबून पुन्हा, कुर्रम. कुणीतरी सावकाश चावून खात होतं.

वन्संनी दार उघडलं.

कुणी नाही.

पंखे बंद. पण सर्व्हरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आणि पडद्यावर आकडा होता, तीनशे बारापैकी तीनशे बारा. तीन दिवसांचं काम आटोपलं होतं.

वन्संनी आपल्या टेबलाशी येऊन क्लाउडवरचं आईचं रेकॉर्डिंग लावलं.

काकांचा आवाज. "मावशी, लग्न झालं तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

मग... काहीच नाही.

"बरं. आणि मिठागरावर केव्हापासून जायला लागलात?"

काहीच नाही...

त्यांनी दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. प्रश्न होते. माणसं नव्हती.

जुन्या सर्व्हरवर मात्र एकूण एक माणूस बोलत होतं.

क्लाउडच्या कंपनीच्या माणसाला फोन केला. "फाइल अगदी बरोबर आहेत, बाई," तो म्हणाला. दोनदा पुन्हा कॉपी केली. दोन्ही वेळा तेच. तेव्हा वन्सं लायब्ररीच्या प्रमुखांकडे, जानसाहेबांकडे गेल्या.

"तीनशे बारा आहेत ना? मग संपला विषय," साहेब म्हणाले. "वीस तारखेला भंगाराचा ट्रक येतोय. क्लाउड तुम्हालाच हवा होता, सूचिंगबाई. आता नाटकं नकोत."

वीस तारखेला दुपारी दिवे मालवल्यावर वन्सं एकट्या खोलीत गेल्या. दार आतून लावून घेतलं.

"काका, भांडण तुमचं नि माझं आहे. माझ्या आईला का धरून ठेवलंय? मी बोलले ते चुकलं, हजारदा चुकलं. पण इथे पाणी येणार आणि ही सगळी बुडणार. तुम्हालाही ठाऊक आहे. सोडा त्यांना. काय हवं ते माझ्याकडून घ्या."



मग पंखे फिरायला लागले...

तासाभरात सगळं क्लाउडवर गेलं. वन्संनी आईचं रेकॉर्डिंग लावलं आणि आई बोलली! वन्सं रडल्या. ही बाई रडते हे मला पेइयूकडून कळलं, नाहीतर मी मानलं नसतं. तीन वाजता त्यांनी सही केली आणि ट्रक सर्व्हर घेऊन गेला.

महिन्याभरानं सणाला आमच्याकडे आल्या, तेव्हा फोन माझ्यापुढे धरला. "ऐक. आई आहे."

सासूबाईंचाच आवाज. तोच ठसका. मलाही भरून आलं.

मग माझ्या लक्षात आलं. काकांचा आवाज कुठेच नव्हता. थोडी शांतता, मग सासूबाईंचं उत्तर. पुन्हा शांतता, पुन्हा उत्तर.

"गेले एकदाचे," वन्सं म्हणाल्या.

माझं लक्ष वेळेकडे गेलं. चव्वेचाळीस मिनिटं.

"वन्सं, हे तर एक्केचाळीसचं होतं ना?"

त्यांनी पुढे सरकवलं. एक्केचाळीस मिनिटांनंतर शांतता. मग सासूबाई हसल्या.

"नाही, अजून नाही आली ती."

शांतता...

"हो, झोपते ना दुपारची."

शांतता...

"तुम्ही एवढं म्हणताय, तर हाक मारून बघते."

वन्संनी झडप घालून बंद केलं. 

त्यानंतर त्यांनी ते लावलेलं नाही. पण किती मिनिटं झाली ते बघतात. सत्तेचाळीस झाली. मग बावन्न. आता तास उलटून गेलाय.

डिसेंबरात क्लाउडचं भाडं नव्यानं ठरवायचं होतं. नाही ठरवलं तर सगळं पुसलं जाणार, तीनशे बाराच्या तीनशे बारा. "पुसू द्या!" मी पाया पडले त्यांच्या. "तुमचा जीव मोठा, की आवाज?"

"माझी आई आहे तिथे," एवढंच म्हणाल्या. आणि पाच वर्षांसाठी सही करून आल्या.

आता दुपारी त्या झोपत नाहीत. दिवे मालवले की बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहतात, उन्हात, एकट्या. पेइयू सांगते, कुणाशी बोलत नाहीत, पण मान हलवतात.

गेल्या रविवारी जेवायला आमच्याकडे होत्या. आम्ही दोघी भांडी घासत होतो. त्यांचा फोन मीच बंद करून कपाटात ठेवला होता.

वन्संनी एकदम हात थांबवले. पुसले. आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "आले गं, आई."

मी काहीच ऐकलं नव्हतं.