किमेझाचं मरण

तळोज्याजवळच्या चाचणी-आवारात पडक्या इमारतीचा खोटा ढिगारा रचला होता आणि त्याच्या माथ्यावर किमेझा उभा होता. साबिरा सिद्दीने त्याला आजवर फक्त पडद्यावर पाहिलं होतं. तिथे तो ओल्या मातीच्या रंगाचा, सुटलेल्या पोटाचा राक्षस होता. इथे त्याला पोलादाचा यंत्रदेह मिळाला होता: बैलाहून उंच, सहा पायांचा, लोखंडी तुळया कापणाऱ्या जबड्याचा. पण त्याने मान वळवली आणि साबिराच्या अंगावर काटा आला. मान अशी वळवायला तो तिच्याच चित्रपटात शिकला होता.

साबिरा मुरुडची. वडील लाँचचं इंजिन सांभाळायचे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचं त्यांच्या घरात फारसं काही उरलं नव्हतं. ढोलाचा एक ठेका आणि किमेझाची गोष्ट, एवढंच. किमेझा गाव गिळतो, गुरं गिळतो. एक मुलगी तेवढी गोरखचिंचेच्या ढोलीत श्वास रोखून बसते, त्याला नीट पाहून घेते, मग कोयत्याने त्याचं पोट फाडून सगळ्यांना जिवंत बाहेर काढते. या गोष्टीच्या मागावर साबिरा टांझानियाच्या किनाऱ्यावर गावोगाव हिंडली होती. परत येऊन, मुरुडच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात बसून तिने एकटीने त्या लोककथांचे लघुपट केले. एका निर्मात्याने राक्षसाला जरा गमतीशीर करा म्हटलं, तेव्हा ती चहा अर्धा टाकून उठून आली होती.

किमेझावरचा मोठा चित्रपट मात्र एकटीच्या आवाक्यातला नव्हता. त्यासाठी तिला हेरंब गुर्जर भेटला, आणि त्याचं प्रेरणाचित्रण.

"म्हणजे याची चाल तुम्ही काढलेलीच नाही?" सुरक्षायंत्रांच्या कंपनीच्या संचालिका वसुधा राजेशिर्के विचारत होत्या.

"चाल कुणीच काढत नाही, मॅडम," हेरंब म्हणाला. "आम्ही पात्राला एक प्रेरणामन देतो. त्यात भूक असते, वेदना असते, भीती असते. मग ते प्रसंगात सोडायचं. मनासारखं दृश्य मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा. हालचाल ते स्वतःच शोधतं. पडद्यावरची कुठलीही शिकार इतकी खरी वाटली नसेल."

"आणि आता ते ढिगाऱ्याखालची माणसं शोधणार."

"इथे जे शिकेल ते त्याच क्षणी मुरुडच्या संगणकातल्या त्याच्या मूळ मनातही पोचेल. साबिराच्या चित्रपटालाही फायदाच."

साबिराने त्याला बाजूला ओढलं. "मी फक्त चाल द्यायला हो म्हटलं होतं, हेरंब. माझ्या चित्रपटाला त्यांचे संगणक हवेत म्हणालास, म्हणून."

"चाल वेगळी निघत नाही गं. चाल म्हणजेच ती भूक आणि ती भीती. भूक आम्ही काढून टाकली."

"आणि भीती?"

"ती ठेवावीच लागते. नाहीतर पडणारी भिंत तो चुकवेल कशाला?"

भोंगा वाजला. पीडितांचं सोंग घेतलेले कामगार ओरडत ढिगाऱ्यावरून धावू लागले. किमेझा त्यांच्यामधून खाली उतरला. त्याने एकाकडेही पाहिलं नाही. तो सरळ परेशच्या दिशेने निघाला. कंपनीचा हा छायाचित्रकार कुंपणाशी गुडघा टेकून, कॅमेऱ्याला डोळा लावून, अजिबात न हलता बसला होता.

जबडा त्याच्या कमरेवर मिटला. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. किमेझाने त्याला उचलून सिमेंटच्या खांबावर आपटलं, आणि तो हलेनासा झाल्यावरही पुन्हा आपटलं. कॅमेरा, हात, रक्त सगळं एकत्र उडालं. पहाऱ्यावरचा शिपाई घाबरून पाण्याच्या टाकीआड लपला. किमेझा टाकीला वळसा घालून गेला. किंकाळी आली आणि मध्येच तुटली.

"बंद करा ते!" राजेशिर्के ओरडल्या.

हेरंब नियंत्रक दाबत होता. "ऐकत नाही! त्याला वाटतंय की तो..." त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. किमेझाने फेकलेली तुळई त्याच्या मांडीवर येऊन पडली आणि पाय भलत्याच बाजूला वळला.

साबिराला तेव्हा उमगलं. चित्रपटात या मनाने किती वेळा मरण भोगलं होतं! तिने शेवटचा प्रसंग पुन्हा पुन्हा घेतला होता, कारण तडफड खरी हवी होती. दरवेळी माणसं पळाली होती, आणि पळणाऱ्यांनी त्याला कधीच इजा केली नव्हती. मारलं होतं ते लपून, स्तब्ध राहून बघणारीने. भूक काढल्यावर पळणाऱ्यांशी त्याला काही घेणंच उरलं नव्हतं. उरली होती फक्त बघणाऱ्याची भीती.

"लपू नका!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "पळा! थांबू नका, बघू नका, पळत राहा!"

माणसं पळाली. राजेशिर्केही चपला टाकून धावल्या. किमेझा त्यांच्या गर्दीतून कुणालाही धक्का न लावता चालत राहिला. आवारात एकच माणूस पळू शकत नव्हता.

"साबिरा, तू जा," हेरंब म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तिने अग्निशमनाच्या फळीवरची कुऱ्हाड उपसली आणि हेरंबच्या पुढे, उघड्यावर जाऊन उभी राहिली. हलली नाही. किमेझाकडे बघत राहिली.

किमेझा थबकला, मग झेपावला. ती शेवटच्या क्षणी त्याच्या पायांमध्ये शिरली. एका पायाच्या कडेने तिचा खांदा उभा चिरला. मुलगी कोयता घालायची त्याच जागी तिने पोटाच्या पत्र्यावर कुऱ्हाड घातली. पत्र्याला नुसता पोचा आला.

पण किमेझा कोसळला. पुढचे गुडघे आधी दुमडले, मान डावीकडे गेली, मागचे पाय एकेक करून शांत झाले. पोटाचं झाकण आपोआप उघडलं. ते मरण इतकं सुंदर होतं की दुखऱ्या खांद्यासकट साबिरा क्षणभर बघतच राहिली. मनाजोगतं मरेपर्यंत वेदना थांबत नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

माणसं हळूहळू परत आली. भोवती उभी राहून बघू लागली.

"मेलं?" राजेशिर्केंनी विचारलं.

साबिराने त्याच्या डोळ्यांच्या भिंगांकडे पाहिलं. ती तिच्यावर स्थिर होती. त्यांत भीती नव्हती, वाट बघणं होतं.

"मेलं नाही," ती कुजबुजली. "ते मरण करून दाखवतंय. याच्या लेखी मेल्यावर पुन्हा पहिल्या चौकटीत उभं राहायचं असतं. आता उठेल."

"मन पोटात आहे," हेरंब कण्हत म्हणाला. "निळी पेटी."

उघड्या पोटात निळी पेटी दिसत होती. साबिराने कुऱ्हाड उचलली. किमेझा हलला नाही. प्रसंग संपल्यावर त्याला कुणी कधी दुखवलं नव्हतं. पहिल्या घावाला सहाही पाय एकदम ताठ झाले. दुसऱ्याला त्याने तिला ढकललं, पण जबडा न उघडता, गोंधळलेल्या जनावरासारखं. ती रडत रडत घाव घालत राहिली. पेटीचा भुगा झाल्यावरही तिचा हात थांबेना. शेवटी दोघांनी तिला धरून मागे ओढलं.

हेरंबचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. परेशच्या आणि त्या शिपायाच्या घरी साबिरा स्वतः गेली. कंपनीने बाकीचे यंत्रदेह वितळवून टाकले.

खांद्याचे टाके निघाल्यावर ती बर्फाच्या कारखान्यात परतली. तिथल्या संगणकातलं मूळ मन पुसण्याआधी तिला चित्रपटाचा शेवट एकदा पाहायचा होता. तिने प्रसंग सुरू केला.

गाव ओस पडलं होतं. गोरखचिंचेच्या ढोलीतून मुलगी बाहेर आली, कोयता उगारून किमेझासमोर उभी राहिली. किमेझाने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो तिला ओलांडून पुढे आला. गाव, झाड, मुलगी सगळं मागे टाकून तो पडद्याच्या अगदी जवळ येऊन थांबला आणि त्याने मान वळवून डोळे साबिराच्या डोळ्यांना भिडवले. तिची खुर्ची नकळत मागे सरकली.

त्याने गुडघे दुमडले नाहीत. पोट दोन्ही हातांनी घट्ट झाकून घेतलं, आणि तिच्यावरची नजर न काढता तो एकेक पाऊल मागे जाऊ लागला.