जरा रवा

गोव्यातल्या तुये गावच्या औद्योगिक वसाहतीच्या वळणावर गोकुळदासांचं चहाचं हॉटेल आहे. तिथल्या टीव्हीवर क्रिकेटशिवाय दुसरं काही लागणं म्हणजे चतुर्थीला मटण शिजण्यासारखं! पण जानेवारीतल्या त्या गार सकाळी रिमोट गौरवीच्या हातात होता. गोकुळदासांची ही धाकटी लेक कॉलेज संपवून गल्ल्यावर बसायची, आणि एकदा तिच्या मनाने घेतलं की ब्रह्मदेव आला तरी चॅनल बदलायचं नाही.

तेवढ्यात दारात एक उंच मुलगा उभा राहिला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, कपाळावर केसांची बट, आणि डोळे... बाई गं, काय ते डोळे!

"दोन भाजी-पाव," तो म्हणाला.

"जरा रवा," गौरवी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

"रवा? रवा नको ओ. भाजी-पावच द्या."

गौरवीने वळून बघितलं आणि अशी काही खो खो हसत सुटली, की आत भजी तळणारे गोकुळदास झारा घेऊन बाहेर आले.

"अहो, रवा म्हणजे थांबा! खंयचे तुमी?"

"गडहिंग्लजचा. दीपक." तो कानापर्यंत लाल झाला. मग सुटका करून घ्यायला टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाला, "हे काय चाललंय? पोरी बर्फावर केर काढत्यात?"

"केर नाय! तो दगड फुडे जावंचो म्हणान बर्फ घासतत. युवा हिवाळी स्पर्धा ती. सगळ्या जगातली पोरां इलीत."

"आमच्यात बर्फ म्हंजे उसाच्या रसात."

"आमच्यात माशांवर," गौरवी म्हणाली, आणि दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याची पाळी सुटल्या सुटल्या हजर. तिसऱ्या दिवशीही. चहा निमित्ताला... खरं काम पदकांच्या तक्त्याचं! भारताचं नाव तक्त्यात अजून नव्हतं, मग दोघांनी एकेक देश दत्तक घेतला.

"एस्टोनिया माजो," गौरवी म्हणाली. "नाव आयकल्यार आमच्या अस्नोडा गावाची भैण वाटता."

"मग स्लोव्हेनिया माझा. ती पोरं डोंगरावरनं उड्या मारत्यात. काळीज लागतंय त्याला!"

"माजी पदकां तुमच्यापेक्षा जास्त आसत हां."

"असू देत की. आधी सोनं मोजत्यात, मग चांदी, मग कांस्य. आणि सोनं माझं जास्त हाय."

"सोन्याचो लयच सोस तुमका!"

"सोन्यासारखं माणूस समोर असल्यावर..." तो बोलून गेला आणि गडबडीने चहात पाव बुडवू लागला. पाव अर्धा तुटून पेल्यात पडला. गौरवीने दुसरा पाव पुढे सरकवला, पण त्या दिवशी तिने तीन गिऱ्हाइकांना चुकीचा चहा दिला.

आणि मग एका संध्याकाळी तो आला तोच तोंड उतरवून.

"गावाकडं कायमची नोकरी मिळतेय. आई म्हणतीया, ये परत. रविवारी सांजेपर्यंत सांगायचंय."

गौरवीने टीव्हीचा आवाज बंद केला. "मगे? तुमी काय ठरयलात?"

"काय कळंना." त्याने वर बघितलं. "आपण तक्त्यावर सोडू. स्लोव्हेनिया वर राहिला, तर जातो. तुमचा एस्टोनिया वर गेला, तर... ऱ्हातो."

एक शब्द बोलायचा होता फक्त. पण अख्ख्या वसाहतीला बोलण्यात गार करणारी ही पोरगी ऐन वेळी मुकी झाली!

"बरा," एवढंच म्हणाली.

रविवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती; दीपक गल्ल्याला खेटून उभा. एस्टोनिया एका सुवर्णाने मागे, आणि स्पर्धेतली शेवटची शर्यत सुरू. एस्टोनियाची ती एवढीशी पोर बर्फावर काठ्या मारत निघाली होती... चौथी, तिसरी... "चल गो बाये, चल!" गौरवी किंचाळत होती. दुसरी... शेवटच्या वळणावर पोरीने पुढे उडी घेतली, आणि पहिली! हॉटेल दणाणलं. टीव्हीवर नवा तक्ता आला. वर एस्टोनिया, खाली स्लोव्हेनिया!

"वर! माजो एस्टोनिया वर! रवलात! दीपक, तुमी रवलात!" गल्ल्यावरून वाकून तिने त्याचे दोन्ही हात पकडले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

अख्खं हॉटेल टीव्ही सोडून गल्ल्याकडे बघू लागलं.

"गौरवी," दीपक हळूच म्हणाला, "नावाशेजारचा आकडा बघा. दोघांचाबी नंबर अकराच हाय. सोनं, चांदी, कांस्य, सगळं सारखं झालंय. इंग्रजीत ई आधी येतंय, म्हणून तुमचं नाव वर."

तिने बघितलं. खरंच की! लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात तिने सोडले नाहीत, आणि त्यानेही नाहीत.

"मगे... पैज?"

"तक्ता काय सांगत न्हाय. आता तुमीच सांगा."

"माजी भजी करपतत!" असं मोठ्याने म्हणत गोकुळदास आत निघून गेले. चुलीवर भजी नव्हतीच.

गौरवीने त्याचे हात आणखी घट्ट धरले. "माका तुमी आवडतात. जाव नकात. जरा रवा..."

"जराच?"

"नाय." पहिल्यांदाच ती त्याला एकेरी म्हणाली, "जल्मभर रव."

दीपकचं तोंड असं उजळलं की विचारू नका! तिथेच उभ्या उभ्या त्याने आईला फोन लावला.

"आई, मी न्हाय येत. मी हितंच रवणार."

"रवा?" आईचा खणखणीत आवाज अख्ख्या हॉटेलाला ऐकू गेला. "रवा कशाला रे? शिरा करतोयस व्हय?"

गौरवी डोळे पुसता पुसता हसू लागली. दीपक तिच्याकडे बघत म्हणाला, "व्हय आई. गोडाचंच करायचं हाय... तूच ये आता हिकडं."