शोकेसमधल्या मुंग्या

"घारे, तुझ्या चाकूला मुंग्या लागल्या!" रेडिओ रस्त्यातूनच ओरडला.

"माझा कुठला? अजून घेतलाय कुठे!" असं म्हणत घारी धावलीच.

हत्यारांच्या दुकानाच्या काचेला तिघांनी नाकं लावली. घारी, तिचा आतेभाऊ रेडिओ, ज्याची बडबड बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं, आणि तिचा धाकटा भाऊ शेपूट. आत लाल मखमलीवर तो घडीचा चाकू ऐटीत पहुडला होता. लाकडी मूठ, निळसर पातं. आणि खरंच की! मुंग्यांची रांग थेट त्याच्यापर्यंत गेली होती.

सुट्टी लागल्यापासून घारीचा जीव त्या चाकूत अडकला होता. तळ्याकाठी तिघं बांबूचा तराफा बांधत होती. आधीचा स्वस्तातला चाकू थोड्याच दोऱ्या कापून बोथट झाला, आणि काम अडलं. हा घ्यायचा तर घारीचा गल्ला पार रिकामा होणार! आणि हाही तसलाच निघाला तर? पैसेही गेले, तराफाही गेला! बाबा शिंपी होते. कात्री सोडून कुठल्याही पात्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पैसे तुझे, निर्णय तुझा," ते म्हणाले होते. "पण आधी खात्री कर!"

दुकानदारकाका तर शपथेवर सांगायचे, "अगं, कोरा करकरीत आहे! मखमलीवरून हललेला नाही!"

"कोऱ्या लोखंडाला मुंग्या?" घारीने डोळे बारीक केले. "गोड काय आहे तिथे? कुठेतरी पाणी मुरतंय!"

"भूत असेल! गोडखाऊ भूत!" रेडिओ सुरू झाला. "मी एकदा..."

"तू गप्प! दुपारी पहारा."

दुपारी काकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि 'बंद'ची पाटी लावली. तिघं बाहेरच्या बादल्यांच्या चळतीआड पोटावर आडवी झाली. शटरखालून काकांच्या चपला दिसल्या. त्या शोकेसपाशी गेल्या आणि परत आल्या. मग काका स्टुलावर बसले. एका हातात तोच चाकू, आणि दुसऱ्या हातात लालबुंद सफरचंद! सालाची लांबलचक पट्टी सरसर खाली उतरू लागली.

"चोर!" रेडिओ कुजबुजला. त्याचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं ओरडणं. काका दचकले. तेवढ्यात शेपूट शटरखालून सरळ आत गेला आणि हात पुढे करून म्हणाला, "काका, मला पण एक फोड!"

आता काय! बादल्या धडाधड कोसळल्या आणि उरलेली दोघंही उघडी पडली.

"मखमलीवरून हललेला नाही, नाही का काका?" घारीने कमरेवर हात ठेवले.

काकांचा चेहरा सफरचंदाहून लाल झाला. "अगं, डब्यात फळ असतं ना... आणि हा हाताशीच होता. पुसून ठेवतो गं मी! म्हणजे, बहुतेक वेळा ठेवतो. जा, तुला काही हा आता नको असेल."

पण घारीचं लक्ष कुठे होतं! तिने जमिनीवरचं साल उचललं. लांबच लांब, कुठेही न तुटलेलं, इतकं पातळ की त्यातून उजेड दिसावा!

"काका, कधीपासून कापताय?"

"थंडीपासून. रोज."

"आणि धार कितीदा लावली?"

"धार? छे! एकदाही नाही!" काका फुशारकीने म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

घारीने आनंदाने उडीच मारली. "झाली खात्री! हाच घेणार! पण वापरलेल्याच्या भावात!"

काकांनी मान डोलावली. चाकू घेऊनही गल्ल्यात नाणी खुळखुळत राहिली.

घरी बाबांनी जाड कापडाचा तुकडा पात्यावर धरला. सर्रकन दोन भाग! त्यांनी चाकू उलटसुलट पाहिला आणि लेकीची पाठ थोपटली. "दुकानदाराचं सगळेच ऐकतात. तू मुंग्यांचं ऐकलंस. शाब्बास, पोरी!"

सुट्टी संपायच्या आत तराफा तळ्यात तरंगला. रेडिओ बोलता बोलता पाण्यात पडला, तरी बोलतच होता.

फक्त काकांची पंचाईत झाली. दुकानातल्या दुसऱ्या कुठल्याच चाकूने त्यांचं साल अखंड निघेना! म्हणून आता रोज दुपारी घारी खिशात चाकू घालून त्यांच्या स्टुलाशेजारी जाऊन बसते. सफरचंद काकांचं, चाकू घारीचा. आणि सर्वांत मोठी फोड शेपटाची!